बाहुली कुणाची, ट्रॅक्टर कुणाचा? दोन ते सहा वर्षांच्या लेकरांचा खेळ मोकळा ठेवताना

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या अंगणवाडीत सव्वातीन वर्षांचा एक मुलगा आला. पहिले चार दिवस नुसता रडला. पाचव्या दिवशी त्याला भातुकलीच्या कोपऱ्यात कापडी बाहुली सापडली आणि रडणं थांबलं. तिला खांद्यावर टाकून तो थोपटायचा, दुसऱ्या हाताने ट्रॅक्टर ढकलायचा, मधेच थांबून झाकणातलं पाणी तिच्या तोंडाला लावायचा. एक दिवस साडेबाराला त्याचे आबा न्यायला आले आणि दारातूनच म्हणाले, "काय रे, आंडेर शे का तू?" म्हणजे, पोरगी आहेस का तू? आवाजात राग नव्हता. चार बायका हसल्या, इतकंच. मुलाने बाहुली झटक्यात सोडली, ती फरशीवर तोंडावर पडली. त्यानंतर अकरा दिवस तो त्या कोपऱ्यापाशी यायचा, हात मागे धरून बघत उभा राहायचा आणि परत जायचा. दिवस मी मोजले, कारण वहीत लिहून ठेवले होते.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका गावात मी बावीस वर्षं सेविका आहे. या विषयावर माझ्याकडे दोन तऱ्हेचे पालक येतात. पहिले दबक्या आवाजात विचारतात, "ताई, पोरगा सारखा बांगड्या घालतो, काही चुकतंय का?" दुसरे बहुधा शिकलेले, जळगाव-पुण्याला राहून आलेले. ते म्हणतात, "मुलीला आम्ही मुद्दाम गाड्या आणल्या, तरी तिला गुलाबी फ्रॉकच हवा. आता काय करायचं?" दोघांनाही लेकराची आवड बदलून हवी असते. माझं सांगणं दोघांना एकच असतं. आवड लेकराची लेकराला राहू द्या. त्याच्या वाटेत आपण जे आडवं टाकलंय तेवढं उचला. ते कसं उचलायचं, हे खाली क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: कोणत्या वयात काय होतं, ते समजून घ्या

हे माहीत असलं की अर्धी घाबरगुंडी जाते.

दीड-दोन वर्षांपासूनच मुलगे आणि मुली वेगवेगळ्या खेळण्यांकडे वळताना दिसतात. मुलगे सरासरीने चाकांच्या वस्तूंकडे जास्त, मुली सरासरीने बाहुल्या-भांड्यांकडे जास्त. 'सरासरीने' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. बाहुलीला न सोडणारे मुलगे आणि ट्रॅक्टरवरून न उतरणाऱ्या मुली दर वर्षी माझ्याकडे असतात.

दोन-अडीच वर्षांच्या सुमारास लेकरू 'मी मुलगा', 'मी मुलगी' म्हणायला शिकतं. तीन-चारला त्याला कळतं की मुलगी मोठी होऊन बाईच होणार. पण बाहेरचं रूप बदललं तरी माणूस तोच राहतो, हे पक्कं व्हायला सहा-सात वर्षं उजाडतात. मधल्या काळात चार वर्षांच्या मुलाला खरोखर वाटतं की फ्रॉक घातला तर आपण मुलगी होऊ. आबांच्या एका वाक्याने तो इतका घाबरतो, ते यामुळेच. त्याला ती थट्टा वाटत नाही, धोका वाटतो.

पाच-सहाला हे नियम सगळ्यात कडक होतात. 'हे पोरींचं', 'हे पोऱ्यांचं' अशी वाटणी लेकरं स्वतःच करतात आणि मोडणाऱ्याला रागावतात. पुढे सात-आठनंतर बहुतेकांची पकड सैल होते. जगाची वर्गवारी करण्याचं ते वय असतं, म्हणून त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र जे खेळ त्या आधी हाताला लागलेच नाहीत, ते या कडक काळात नव्याने हाताला लागणं फार अवघड. म्हणून अडीच ते पाच हा काळ मी जपते.

आता, हे जन्मतः असतं की शिकवलेलं? दोन्ही. पोटात असताना ज्या मुलींना अॅड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात विकारामुळे पुरुषी संप्रेरकं जास्त मिळतात, त्या पुढे गाड्या-ठोकळ्यांकडे इतर मुलींपेक्षा जास्त वळतात. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स या संशोधकांनी १९९२ साली हे दाखवलं. २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांपुढे खेळणी ठेवून पाहिली, तर नर चाकाच्या खेळण्यांकडे वळले आणि माद्या दोन्हींशी खेळल्या. माकडांना कुणी 'तू आंडेर आहेस का' असं विचारलेलं नसतं. तेव्हा सगळं आपल्याच हातात आहे, असं समजून स्वतःला दोष देऊ नका.

पण आपला हातही लहान नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये ३२ आयांना सहा महिन्यांच्या अनोळखी बाळांशी खेळायला बसवलं. बाळ मुलगी आहे असं सांगितलं, कपडे तसे घातले, तर बाई आधी बाहुली पुढे करायची. मुलगा आहे असं सांगितलं तर हातोडी, आणि अंगाशी हुंदडणं, हलवणं जास्त. बाळाने काही मागितलंच नव्हतं. २००० सालचा न्यूयॉर्कमधला प्रयोग मला जास्त लागला. अकरा महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती उताराच्या फळीवरून रांगत उतरेल? मुलांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना खरंच फळीवर सोडलं, तर मुलं आणि मुली सारखीच निघाली. बेटी धडपडेल ही भीती आईच्या मनात बेटी चालायच्या आधीच तयार होती.

दुसरी पायरी: सात दिवस नुसतं बघा

काहीही बदलण्याआधी एक साधी वही घ्या. रोज वीस मिनिटं, लेकरू आपल्या मनाने खेळत असताना. सूचना द्यायची नाही, मोबाइल हातात नको, 'हे घे की' म्हणायचं नाही. काय उचललं एवढ्यावर थांबू नका. त्याचं काय केलं, ते लिहा.

खरा मजकूर तिथेच असतो. माझ्या नातीला, वय तीन, घरातले सगळे 'बाहुलीवेडी' म्हणतात. मी सात दिवस लिहिलं. ती बाहुलीला जेवू घालतच नव्हती. पलंगाच्या कडेवरून उशीपर्यंत ओढणी ताणून तिच्यावरून बाहुली घसरवत होती, घसरली नाही की उशी आणखी खाली सरकवत होती. हातात बाहुली, खेळ उताराचा. आमच्या घरात कुणीही तिला घसरगुंडीचं काही दिलं नव्हतं, कारण 'तिला बाहुल्या आवडतात' हे ठरलेलं होतं. उलटही दिसेल. ट्रॅक्टर घेऊन बसलेला मुलगा कधी कधी ट्रॅक्टरला झोपवत असतो, त्याला ताप आलेला असतो.

वहीत तीन गोष्टी वेगळ्या खुणेने लिहा. लेकराने आपणहून घेतलेलं. कुणीतरी हातात दिलेलं. आणि हात पुढे करून मागे घेतलेलं, ते करताना त्याने कुणाकडे पाहिलं तेही. तिसरी खूण सगळ्यात मोलाची.

तिसरी पायरी: घरातली खेळणी मोजा

आता सगळी खेळणी अंगणात एका गोधडीवर ओता. ही मुलाची, ही मुलीची अशी वाटणी करू नका. प्रत्येक वस्तूने अंगात काय येतं, तसे ढीग लावा.

ठोकळे, कोडी, जोडायच्या वस्तू, चाकं यांनी लांबी-रुंदी, कोन, तोल, कुठे काय बसेल याची जाण येते. पुढे भूमिती, नकाशा, यंत्र कळायला हीच जाण लागते. शिकागोच्या संशोधकांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांना त्यांच्या घरी खेळताना पाहिलं, तर जी तुकडे जोडायची कोडी खेळत होती, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवण्याच्या कामात पुढे होती. २०१२ चं हे काम. बाहुली, भातुकली, डॉक्टर-डॉक्टर यांनी बोलणं वाढतं, एकानंतर एक काय करायचं ते जमतं आणि दुसऱ्याला काय वाटत असेल याचा अंदाज बांधता येतो. माती, कणीक, ओवणं यांनी बोटं तयार होतात. धावणं, चढणं, लोंबकळणं यांनी अंग.

बहुतेक घरांत हे ढीग फार लंगडे निघतात. मुलीच्या घरात पहिला ढीग रिकामा, मुलाच्या घरात दुसरा. कोणतं खेळणं कमी आहे याचा विचार करू नका, कोणता ढीग रिकामा आहे तो बघा. मग मुलाला बाहुलीच द्यायला हवी असं उरत नाही. त्याच्या बैलाला आजारी पाडा, औषध पाजायला लावा, काम तेच होतं. मुलीला मोटार नको असेल तर बाहुलीसाठी दोन खोल्यांचं घर बांधायला विटा द्या.

दुकानातून आणण्याची घाई नको. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावच्या मुलांसाठी बालवाडी काढली आणि अनुताई वाघांच्या साथीने ती वाढवली. शिंपले, बिया, पानं, माती असं आजूबाजूचंच सामान त्यांनी खेळायला वापरलं. आपल्या खान्देशात तर शेतच भरलेलं आहे. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी अजून आमच्याकडचे म्हातारे पाच मिनिटांत करतात. तिची चाकं लेकराकडून बसवून घ्या, स्वतः बसवू नका. ठिबकच्या जुन्या नळीचे वीतभर तुकडे आणि जॉइनर यांच्याइतकं चांगलं जोडायचं खेळणं मी कोणत्याही दुकानात पाहिलेलं नाही. मुली त्यातून पाणी सोडून तासन्‌तास बसतात. केळीच्या खोडाची सोपटं हौदात होडीसारखी तरंगतात, त्यात बाहुली बसते, बैलही बसतो. मात्र केळीच्या चिकाचे डाग धुऊन निघत नाहीत, जुने कपडे घाला. आणि मुलीला 'कपडे खराब होतील' म्हणून यातून बाजूला बसवू नका. निम्म्या मुलींचा खेळ फ्रॉकमुळे थांबतो. खेळायच्या वेळी सगळ्यांना चड्डी-बनियन.

तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात चिंचोके, सागरगोटे, जॉइनर, शेंगदाणे, बटण-सेल असं घशात अडकेल असं काही नको. विकतचं खेळणं घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

चौथी पायरी: कोपरे मिसळा

बाहुल्या एका टोकाला आणि गाड्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या की लेकरं दोन टोळ्यांत बसतात. एलिनॉर मॅकोबी आणि कॅरल जॅकलिन यांनी १९८७ मध्ये मोजलं होतं. साडेचार वर्षांची मुलं आपल्यासारख्यांबरोबर, म्हणजे मुलगे मुलग्यांबरोबर आणि मुली मुलींबरोबर, तिप्पट वेळ खेळतात. साडेसहाला तेच अकरा पट होतं. हा ओढा आपण पूर्ण थांबवू शकत नाही, थांबवूही नये. पण मांडणीने त्याला आणखी खतपाणी का घालायचं?

मी काय केलं ते सांगते. भातुकलीची चूल ठोकळ्यांच्या शेजारी आणली. चुलीला सरपण लागतं, सरपण ट्रॅक्टरने येतं. पहिल्याच दिवशी चार मुलगे सरपण उतरवून तिथेच जेवायला बसले, आणि जेवायला बसलेल्यांपैकी दोघे भाकरी थापायला लागले. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी ट्रॉली घेऊन निघाली. मी तिला 'तू पण चालव' असं एकदाही म्हटलेलं नव्हतं.

घरी हे आणखी सोपं आहे. खेळणी दोन टोपल्यांत ठेवत असाल तर एका टोपलीत ठेवा. दर आठवड्याला निम्मी काढून माळ्यावर टाका, म्हणजे उरलेल्यांकडे नव्याने नजर जाते. आणि स्वतः खाली बसा. वडील भातुकलीजवळ मांडी घालून दहा मिनिटं बसले, तर त्या कोपऱ्याचं नाव बदलायची गरज पडत नाही.

पाचवी पायरी: आपली जीभ तपासा

सगळ्यात अवघड हीच. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी डाव्या खिशात चिंचोके घेऊन गेले. रूप-कपड्यांचं कौतुक केलं की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा, एवढंच. दुपारी मोजले तर नऊ. नऊच्या नऊ वेळा ते मी मुलींना म्हटलं होतं. मुलांना मी काय म्हणत होते? 'शाब्बास', 'वा रे पठ्ठ्या', 'किती उंच चढलास'. मी हे शिकवण्याचं काम करते, तरी मला ते कळलेलं नव्हतं. तुम्हीही एक दिवस करून बघा. मन दुखतं, पण उपयोग होतो.

मग शब्द बदलावे लागतात. 'काय आंडेरसारखा रडस रे' याच्या जागी 'लागलं ना? कुठे, दाखव.' 'मुलीच्या जातीने असं चढू नये' याच्या जागी 'डावा पाय त्या फांदीवर ठेव.' मुलीला 'किती गोड दिसतेस' म्हणायचंच नाही असं नाही, दिवसातून एकदा म्हणा. बाकी आठ वेळा तिने काय केलं ते सांगा. 'घर पडलं तरी पुन्हा रचलंस.' मुलाला 'वाघ आहे माझा' म्हणण्याआधी त्याने धाकट्या बहिणीला पाणी दिलं, ते डोळ्यांनी पाहिल्याचं त्याला कळू द्या.

बारीक शब्दही धरा. 'मुलांनो पळा, मुलींनो रांगेत या' असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. आता 'लाल झेंड्याजवळचे पळा' म्हणते. दिवसातून वीस वेळा मुलगा-मुलगी अशी हाक पडली, की ती वाटणी फार मोठी आहे असं लेकराला वाटणारच.

गुलाबी रंगाचंही इथेच सांगून टाकते. अडीच वर्षांच्या आसपास मुली गुलाबी जास्त उचलू लागतात आणि मुलगे तो टाळू लागतात. त्याआधी असा फरक दिसत नाही. व्हेनेसा लोबू आणि ज्युडी डीलोच यांनी २०११ मध्ये हे दाखवलं. 'मी मुलगी' हे समजण्याचं वय तेच, हा योगायोग नाही. तिला मुलगी असल्याचा आनंद झालेला असतो आणि रंग हा तो दाखवण्याचा सोपा मार्ग. घालू द्या. गुलाबी फ्रॉक खोचून निंबावर चढता येतं.

सहावी पायरी: खरं काम द्या

खोट्या भांड्यांपेक्षा खऱ्या कामात लेकरू जास्त रमतं. एप्रिलमध्ये घरोघरी वाळवण असतं. ज्वारीचे पापड, बिबड्या, कुरडया. खाटेवर पापड पसरवायला मुलीला बसवतात आणि मुलगा नुसता चिकाची वाटी घेऊन फिरतो. त्यालाही चार पापड पसरू द्या. फाटतील, एकमेकांवर पडतील. चौथ्या दिवशी बघा, कडा सोडवताना त्याची बोटं किती हळू चालतात. तशीच बोटं पेन्सिल धरायला लागतात.

आणि मुलीला वडिलांबरोबर शेतात न्या. सायकलला हवा भरणं, ठिबकची नळी उलगडणं, घडाच्या केळी मोजणं हे तीन-चार वर्षांची मुलगी करू शकते. विजेचा पंप, स्टार्टर, फवारणीची औषधं यांच्याजवळ कुणालाच नको, ना मुलाला ना मुलीला. मुलगी पडेल म्हणून कडेवर घेतली जाते, मुलाला बांधावर सोडलं जातं. ती न्यूयॉर्कची फळी आठवा.

सातवी पायरी: आबा-आजींशी भांडू नका

सुरुवातीच्या त्या आबांना मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. चारचौघांत बोलले असते तर ते दुखावले असते आणि नातवाला दुसऱ्या दिवशी पाठवलंच नसतं. डिसेंबरात त्यांच्या मळ्यात भरिताचं जेवण होतं, आम्हालाही बोलावणं होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायला आबाच बसले होते. सोलली त्यांनी, ठेचली त्यांनी, फोडणी त्यांनी दिली. आमच्याकडे मळ्यातलं भरीत पुरुषांनीच करायचं असतं. मी म्हटलं, "आबा, तुमच्या हाताचं भरीत अख्ख्या गावात नाही. नातवाला कधी शिकवणार?" ते खूश झाले, त्याला जवळ बसवलं, गार झालेलं वांगं सोलायला दिलं. मग मी हळूच सांगितलं, तो अंगणवाडीत भाकरी थापायचा, आता थांबलाय. त्यांनी विचारलं, "का बरं?" मी खरं ते सांगितलं. बराच वेळ ते जाळात काड्या सारत राहिले. पुढच्या सोमवारी न्यायला आले तेव्हा नातवाला म्हणाले, "दाखव बरं, मनी भाकर कोठे शे?" माझी भाकर कुठे आहे?

म्हाताऱ्या माणसांना संशोधन सांगून उपयोग नाही. त्यांनीच केलेलं, त्यांना अभिमान असलेलं एखादं काम शोधा. ज्याने रात्रभर गायीचं वेत काढलंय त्याला बाळ सांभाळणं बायकी आहे असं म्हणता येत नाही. आजीने पेरणीच्या वेळी पाभर धरलेली असते, ती गोष्ट नातीला तिच्याच तोंडून सांगायला लावा.

एक विनंती मात्र थेट करते, सगळ्यांना. मुलाने ओढणी नेसली, टिकली लावली, की फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. जावळाआधी त्याच मुलाला वेण्या घालून, फ्रॉक घालून आपण हौसेने फोटो काढलेला असतो. एक वर्षाचा असताना जे कौतुक, ते तीनाचा झाल्यावर हसू कसं होतं, हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण काहीतरी वाईट केलं.

आठवी पायरी: 'हे पोरींचं आहे' असं लेकरूच म्हणालं तर

रागावू नका, भाषणही देऊ नका. विचारा, 'असं का वाटतं तुला?' उत्तर बहुधा एखाद्या माणसावर येतं. 'पप्पा नाही करत.' मग त्याच्या ओळखीचं उलटं उदाहरण द्या. 'मामा हॉटेलात शेवभाजी करतात ना?' एस.टी.त कंडक्टर बाई दिसल्या तर तिथेच बोट दाखवा.

एकदा दाखवून भागणार नाही. १९८३ मध्ये मार्टिन आणि हॉल्व्हरसन यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवली, काही रूढ, काही उलटी. आठवड्याने विचारलं, तर उलट्या चित्रांतला मुलगा लेकरांच्या आठवणीत मुलगी झालेला, आणि मुलगी मुलगा. मनातला नियम इतका घट्ट असतो की डोळ्यांनी पाहिलेलंही तो बदलून टाकतो. म्हणून पुन्हा पुन्हा, आणि जिवंत माणसं दाखवा.

दुसरं लेकरू चिडवत असेल तर चिडवणाऱ्याला लाजवू नका. एकच वाक्य सगळ्यांसमोर, रोज तेच: 'आपल्या अंगणवाडीत सगळी खेळणी सगळ्यांची.' पंधरा दिवसांत लेकरंच ते एकमेकांना ऐकवू लागतात.

नववी पायरी: सण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधला की तो मुलींचा, पुरुष पत्त्यांवर. तो झोका माहेरवाशिणींचा हक्काचा आहे, त्यांच्याकडून तो काढून घ्यायला मी कधी सांगणार नाही. वर्षभर वाकलेल्या बाईला त्या दोन दिवसांत मोकळं हसताना मी पाहिलंय. पण लहान मुलालाही झोक्यावर बसवायला काय हरकत आहे? तोल सांभाळणं त्यालाही शिकायचंच आहे.

भुलाबाईत, या मुलींच्या गाण्यांच्या सणात, तर शिकण्याचा खजिना आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज गाणी, टिपऱ्यांचा ठेका आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. आवाजावरून दाणे की लाह्या की बर्फी! कान, तर्क, शब्द सगळं एकदम. आमच्या गल्लीत मुलगे लांब भिंतीला टेकून उभे राहायचे आणि खाऊला फक्त हात पुढे करायचे. आता मी त्यांना डबा हलवायला लावते. ओळखायला बोलवावं लागत नाही, आपोआप ओरडतात. पोळ्याला मातीचा बैल मुलीच्या हातून करून घ्या आणि खऱ्या बैलाच्या शिंगाला रंग लावायला तिला वडिलांच्या कडेवरून का होईना, हात पोचू द्या.

काळजी कधी करायची

मुलगा बाहुलीशी खेळतो, मुलगी फक्त मुलांतच खेळते, ही डॉक्टरकडे जायची कारणं नाहीत. एका लेकराच्या आजच्या खेळण्यावरून ते पुढे कसं माणूस होईल, हे कुणीही सांगू शकत नाही. जो सांगतो, औषध किंवा अंगारा देतो, त्याच्यापासून लांब राहा. लेकरू बरेच महिने सतत आणि मनापासून 'मी मुलगी नाही, मुलगा आहे' असं म्हणत असेल, तर त्याला खोडू नका, मारू तर नकाच. ऐका. त्याला स्वतःला त्याचा त्रास होतोय असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा बालमानसतज्ज्ञांशी बोला.

खेळाकडे बघताना काळजी वेगळ्याच गोष्टींची करायची असते. गाडी चालवायचीच नाही, फक्त उलटी धरून तासन्‌तास चाक फिरवत राहायचं. दीड वर्ष झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही, दाखवत नाही. हाकेला वळत नाही. दोन वर्षं झाली तरी खोटं खोटं जेवणं, झोपवणं, फोन करणं असलं काहीच नाही. येत असलेले शब्द गेले. मुलगा असो वा मुलगी, यातलं काही दिसलं तर 'बोलेल उशिरा, बापही उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका. मुलगा चाकं फिरवतो तेव्हा 'गाड्यांचं वेड आहे' म्हणून वाढीतल्या अडचणीचं हे लक्षण झाकलं जातं, आणि मुलगी गप्प कोपऱ्यात बसते तेव्हा 'शांत आहे बिचारी' म्हणून. दोन्ही मी पाहिलंय, आणि दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्ष वाया गेलेलं होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि ती सात दिवसांची वही घेऊन या. 'खेळतो का?' या प्रश्नाला 'हो, खेळतो' एवढंच उत्तर दिलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. वहीत 'ट्रॅक्टर उलटा, चाक फिरवलं, वीस मिनिटं, हाक मारली तरी बघितलं नाही' असं लिहिलेलं असलं, तर तेवढ्यावरून ते पुढची तपासणी लावतात. तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते आणि तिथे पैसे पडत नाहीत. पथकाची तारीख तुमच्या सेविकेला आधी कळते, तिला विचारून ठेवा.